पुराच्या आठवड्यापुरतेच का?

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्या आठवड्यात सांगली-मिरजेतली आपली तरुण मुले काय करत होती, हे मी सांगायला नको. हे वाचणाऱ्यांपैकी काही जण त्यांच्यातलेच असतील. मशिदी, मदरसे, शादीखाने पूरग्रस्तांसाठी उघडले गेले. १२ ऑगस्टला बकरी ईद होती आणि अनेक घरांनी कुर्बानीचा खर्च मदतीकडे वळवला. पुढे कोविड आला, तेव्हाही हीच मुले धावली. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला, पाटण तालुक्यात आंबेघर आणि मीरगाववर दरडी कोसळल्या, तेव्हाही तेच.

या सगळ्याचा मला अभिमान आहे. पण पूर ओसरला की चिखल काढून, फोटो काढून आपण घरी येतो. पुढच्या संकटापर्यंत आपले समाजकार्य मोहल्ल्यात रक्तदान शिबिर आणि ईद-ए-मिलादला सरबत वाटण्यापुरते राहते. घरापासून दूर, सहा महिने किंवा वर्षभर एका गावात राहून काम करायचे जे युवा कार्यक्रम असतात, त्यांच्या याद्यांत आपली नावे हुडकावी लागतात. मी ज्या कार्यक्रमात होते, त्यात तीसेक जणांच्या तुकडीत आम्ही दोघे होतो. दुसरा मुलगा सोलापूरचा.

मी मिरजेची. जून २०२२ ते मे २०२३ हे वर्ष मी माण तालुक्यात राहिले. विहिरींची पाणीपातळी मोजणे, गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडून तो ग्रामसभेत वाचून दाखवणे आणि शाळेतल्या मुलांकडून पर्जन्यमापकाच्या नोंदी ठेवून घेणे, हे काम होते. मिरजेहून विटा, मायणी करत दहिवडीला एसटीने पोहोचायला तीन-चार तास लागतात. लांब म्हणावे असे काही नाही. सातारा आणि सांगली १९४९ पर्यंत एकच जिल्हा होता. वेगळा झाल्यावरही १९६० पर्यंत आमच्या जिल्ह्याचे नाव दक्षिण सातारा होते आणि माझे आजोबा शेवटपर्यंत तेच म्हणत. तरीही घरात जी चर्चा झाली ती ऐकून वाटावे की पोरगी आखाताला निघाली आहे.

चर्चेतला पहिला प्रश्न पाण्याचा नव्हता, पगाराचाही नव्हता. "वहाँ खाने का क्या?" हा होता.

या प्रश्नाला हसू नका. सुशिक्षित कार्यकर्ते हसतात, म्हणून सांगते. कुठेही राहायला जाताना माणूस आधी चुलीचाच विचार करतो, आणि तुमच्या ताटाकडे बघून तुमची परीक्षा होते हे ज्या घरांना ठाऊक आहे त्यांनी तर तो करायलाच हवा. आमच्या मुक्कामावर सामाईक स्वयंपाकघर होते आणि रोजचा स्वयंपाक शाकाहारी होता, त्यामुळे माझी काहीच अडचण झाली नाही. बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, खर्डा यावर वर्ष काढणे मिरजेच्या पोरीला जड नाही. गंमत वेगळीच होती. माणदेशातल्या पुष्कळ गावांत मुलाण्यांची दोन-चार घरे असतात. गावगाड्यात मुलाणी होताच आणि जत्रेचे बकरे कापायला आजही कित्येक गावांत त्यालाच बोलावतात. म्हणजे जत्रेतले मटण ज्या पद्धतीने कापलेले असते ते कोणी न सांगता हलाल असते. माझ्या तुकडीतल्या अर्ध्या मुलांना हे माहीत नव्हते. खुद्द मला तरी कुठे माहीत होते? मिरजेसारख्या मोठ्या गावात वाढलेल्या मुस्लीम मुलीला गावगाड्यातला मुसलमान माहीत नसतो. तो मला तिथे, यात्रेच्या दिवशी, एका मुलाणी चाचांच्या ओसरीवर समजला.

राहायच्या जागेचा प्रश्न मात्र गमतीचा नव्हता. पहिले दोन महिने मुक्कामावर काढल्यावर दोघी-दोघींनी तालुक्याच्या गावात खोली शोधायची होती. माझी जोडीदार आटपाडीची, मराठा कुटुंबातली. ती बोलायची तोवर खोली रिकामी असायची, माझे नाव कळले की "आम्ही फॅमिलीलाच देतो" असे उत्तर यायचे. तीन ठिकाणी हे झाले. तिने सुचवले की खोली तिच्या एकटीच्या नावावर घेऊ, तुझे नाव नंतर हळूच सांगू. तिचा हेतू चांगला होता. मी नको म्हटले. वर्षभर ज्या घरात राहायचे तिथे पहिल्या दिवसापासून नाव लपवले, तर उरलेले दिवस ते लपवण्यातच जातात. रमजानमध्ये पहाटे चार वाजता दिवा का लागला, याचे उत्तर आधीच देऊन ठेवलेले बरे. चौथ्या घरी एका निवृत्त शिक्षिकेने खोली दिली. त्यांनी नाव विचारले, गाव विचारले आणि मग पाणी एक दिवसाआड येते, पिंप भरून ठेवावे लागते, एवढेच बजावले.

इथे माझे संस्थांशी भांडण आहे. युवा कार्यक्रम चालवणाऱ्या बहुतेक संस्था भल्या माणसांच्या असतात आणि "आम्ही जातधर्म मानत नाही" हे वाक्य तिथे कानावर पडतेच. मानत नसाल, उत्तम. पण घरमालक मानतो. मेसवाली मानते. खोली शोधण्याचे काम तुम्ही स्वयंसेवकावर सोडून दिले की तुमची समता तुमच्या कार्यालयाच्या दारापर्यंतच पोहोचते. संस्थेने खोल्या स्वतःच्या नावावर घ्याव्यात, राहणाऱ्यांची सगळी नावे घरमालकाला आधीच सांगावीत आणि नकार आला तर तो संस्थेने ऐकून घ्यावा. एकवीस वर्षांच्या पोराने तो एकट्याने का ऐकायचा?

आणि हे नवे काही मागणे नाही. ज्या साताऱ्यात मी गेले त्याच साताऱ्यात हे काम शंभर वर्षांपूर्वी झाले आहे. भाऊराव पाटलांनी १९२४ साली तिथे वसतिगृह सुरू केले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव मिळाले. त्याच्याही आधी, १९१० च्या सुमाराला, आजच्या सांगली जिल्ह्यातल्या दूधगावात त्यांनी सहकाऱ्यांसोबत असाच प्रयोग केला होता. सगळ्या जातिधर्मांची मुले एकत्र राहत, हाताने स्वयंपाक करत, एका पंगतीला जेवत. आपण हे वाक्य शाळेत पाठ केलेले असते, म्हणून त्यातली मेहनत दिसत नाही. धान्य कुठून येणार, पीठ कोण मळणार, भांडी कोण घासणार, पंगतीत कोणाशेजारी कोण बसणार हे त्या माणसाने रोज ठरवले. लक्ष्मीबाईंनी मुलांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा ठेवले नाही. भाऊरावांना जातधर्म दिसत होता. दिसत होता म्हणून तर त्यांना पंगतीची व्यवस्था लावता आली.

सुट्ट्यांचेही तसेच. दिवाळीचे पाच दिवस वेळापत्रकात छापलेले असतात आणि ईदला "तुमच्या रजेतून ॲडजस्ट करा" असे सांगतात. माझ्या वर्षात बकरी ईद १० जुलैला, नेमकी आषाढी एकादशीला आली. रमजान ईद २२ एप्रिलला आली, त्या दिवशी अक्षय तृतीया होती. दोन्ही वेळा सगळ्यांनाच घरी जायचे होते म्हणून माझे भागले. दर वर्षी कॅलेंडर इतके मेहरबान नसते. चंद्रावर अवलंबून सण असला की तारीख एक दिवस पुढे-मागे होते, तेव्हा जूनमध्ये वेळापत्रक करतानाच दोन दिवस राखून ठेवणे एवढे साधे काम आहे.

आता थोडे आपल्याकडे बघू, कारण सगळी जबाबदारी संस्थांवर टाकून चालणार नाही.

घरापासून दूर गेलेल्या मुस्लीम मुलाला दोन सल्ले मिळतात. एक घरचे देतात: गप्प राहा, वाद नको, आपले काम बरे की आपण बरे. दुसरा सल्ला कार्यकर्ते देतात: तिथे आपल्या समाजाची चांगली प्रतिमा निर्माण करून ये. मला दोन्ही मान्य नाहीत, पण दुसरा जास्त त्रासदायक आहे. प्रतिमा निर्माण करायला गेलेला माणूस चोवीस तास कामावर असतो. त्याला आळस करता येत नाही, चिडता येत नाही, एखाद्या सकाळी शोषखड्ड्याच्या खोदाईला दांडी मारता येत नाही. पहिल्या आठवड्यात रात्रीच्या गप्पांत मला तलाक, बुरखा, लोकसंख्या आणि पाकिस्तान, चारही विषयांवर विचारून झाले. विचारणारे वाईट नव्हते. त्यांच्या वर्गात, त्यांच्या गल्लीत कोणी मुस्लीम नव्हते, मी पहिलीच भेटले होते. तलाकविषयी मी बोलले, कारण त्यावर मला मत आहे आणि ते मांडायला आवडते. बाकीच्याला म्हटले, उद्या सहाला विहिरीवर जायचे आहे, झोपा. कोणी रागावले नाही. प्रत्येक प्रश्नाला तुम्हीच उत्तर द्यायला हवे असा नियम नाही. तुमच्या शेजारी बसलेल्या कोल्हापूरच्या मुलाला कोणी साऱ्या मराठा समाजाचा खुलासा मागत नाही.

उलट टोकही मी पाहिले आहे. आमचा सोलापूरचा मित्र सुरुवातीला सगळ्यांच्या पुढे जाऊन आरतीचे ताट धरायचा आणि नमाज मात्र मुक्कामामागच्या पडवीत, कोणाला दिसणार नाही अशी पढायचा. आरती म्हणायची की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे, माझा त्यावर आग्रह नाही. मी यात्रेला गेले, प्रसाद खाल्ला, आरतीला मागे उभी राहिले, कोणी हटकले नाही. पण एक गोष्ट दाखवायची आणि दुसरी लपवायची याचा शीण येतो, हे त्याच्या तोंडावर दिसायचे. पावसाळा संपेपर्यंत तो पुढच्या खोलीत नमाज पढायला लागला. कोणीतरी त्या वेळेपुरता रेडिओ बंद करायचे, बस.

मुलींविषयी वेगळे लिहायला हवे. अम्मीने होकार दिला तो अटींसह: रोज रात्री नऊला फोन, पंधरा दिवसांनी घरी फेरी आणि पहिल्यांदा सोडायला अब्बा येणार. मला वाटत होते की हे फक्त आपल्या घरांत होते. आटपाडीच्या माझ्या जोडीदारालाही नऊचाच फोन होता, तिलाही सोडायला काका आले होते. तेव्हा "मुस्लीम मुलींना पाठवत नाहीत" हे वाक्य ऐकले की मी आता विचारते, बाकीच्यांच्या मुलींना कोण आनंदाने पाठवते? फरक आहे तो सवयीचा. तिच्या गावातून आधी दोन मुली पोलीस भरतीच्या अकादमीत राहायला गेल्या होत्या, वाट पडली होती. आपल्याकडे ती वाट अजून पडायची आहे. गावातल्या चाचींनी मला पहिल्या भेटीत विचारले, "अकेली आयी? शादी नहीं हुई?" आणि सहा महिन्यांनी त्यांनीच नातीचा दहावीचा निकाल घेऊन मला गाठले, साताऱ्यात वसतिगृह कोणते चांगले म्हणून.

सप्टेंबर २०२३ मध्ये खटाव तालुक्यात पुसेसावळीला जे झाले त्यावर न बोलता हा लेख पुढे नेणे अप्रामाणिकपणाचे होईल. समाजमाध्यमांवरच्या मजकुराचे निमित्त झाले, १० तारखेच्या रात्री जमावाने मशिदीवर हल्ला केला, एका तरुणाचा जीव गेला. माण आणि खटाव शेजारी आहेत. माझे वर्ष तेव्हा संपले होते, पण पुढच्या तुकडीसाठी मी ज्या दोन मुलींच्या घरी जाऊन बोलले होते त्या दोन्ही घरांतून आठवड्याभरात नकार आला. मी त्यांना समजवायला गेले नाही. "घाबरू नका" म्हणण्याचा अधिकार मला नाही, कोणालाच नाही. मिरजेत २००९ च्या गणेशोत्सवात दंगल झाली तेव्हा मी शाळेत होते, कित्येक दिवस घराबाहेर पडले नव्हते. ती भीती तर्काने जात नाही.

अशा वेळी एक ठरलेले उत्तर दिले जाते: एकमेकांत मिसळा, ओळखी वाढवा, मग दंगली होणार नाहीत. मी तसे म्हणणार नाही. पुसेसावळीत काय अनोळखी माणसे राहत होती? आपल्या जिल्ह्यांत ओळखीची कमी कधीच नव्हती. कडेगावच्या ताबुतांना हिंदू खांदा देतात, गोटखिंडीत मशिदीत गणपती बसतो, मिरजेच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतीत सगळ्या धर्मांचे कलावंत गातात. हे सगळे खरे आहे आणि तरीही २००९ झाले, २०२३ झाले. ओळख म्हणजे विमा नव्हे.

मग जायचे कशासाठी? माझे उत्तर फार उदात्त नाही. न जाण्याने आपला नकाशा आक्रसतो. मिरजेतल्या चार मोहल्ल्यांना आपण आपले गाव समजायला लागतो आणि माण, खटाव, जत, आटपाडी ही दुसऱ्या कोणाची तरी गावे होतात. तिथे दुष्काळ आहे, तर तो आपलाही आहे. पाणी फाउंडेशनच्या स्पर्धेत २०१६ साली कोरेगाव तालुक्यातले वेळू पहिले आले, २०१८ साली माणमधली टाकेवाडी. त्या वर्षी स्पर्धा २२ मेपर्यंत होती आणि रमजान तिच्या शेवटच्या आठवड्यात सुरू झाला. रोजा धरून चर खोदणारी माणसे त्या गावांत होती, त्यांची बातमी व्हावी असे त्यांना वाटले नसणार. त्यांना फक्त आपल्या विहिरीला पाणी हवे होते. मला ही भूमिका सगळ्यात आवडते.

सुरक्षिततेचे मात्र संस्थेकडून लेखी घ्या. गावात काही झाले तर पहिला फोन कोणाला, रात्री गाडी कोण पाठवणार, जवळचे पोलीस ठाणे कोणते, कार्यक्रम मध्येच सोडावा लागला तर मानधनाचे काय. जी संस्था या प्रश्नांवर दुखावते तिच्याकडे जाऊ नका.

मानधनावरून आठवले, आपल्यातल्या न जाण्याचे सगळ्यात मोठे कारण भीती नाहीच, पैसा आहे. मला महिन्याला नऊ हजार मिळत. खोलीचे भाडे आणि जेवण जाऊन दोन हजार उरत. अब्बांची नोकरी होती म्हणून मला हे परवडले. ज्या बागवानाचा मुलगा पहाटे गाडा लावतो, ज्या शिकलगाराचा मुलगा वर्कशॉपमध्ये आहे, त्याच्या घरातून वर्षभराची मिळकत कमी होणे म्हणजे बहिणीची फी थांबणे. त्याला "समाजासाठी वेळ द्या" असे भाषण देण्यात अर्थ नाही. आपल्या शहरांत बैतुलमाल आहेत, शिष्यवृत्त्या देणारे ट्रस्ट आहेत. डॉक्टरकी शिकणाऱ्याला मदत मिळते, ती मिळायलाच हवी. पण वर्षभर दुष्काळी गावात काम करायला निघालेल्या मुलाच्या घरी महिन्याला चार-पाच हजार पोहोचवणे हीही मदतीची जागा आहे, असे एकाही ट्रस्टला का वाटू नये? तालुक्याच्या गावांत मशिदींच्या ट्रस्टच्या खोल्या असतात. जमातीने त्यातली एक खोली बाहेरगावाहून आलेल्या स्वयंसेवकाला, कोणत्याही धर्माच्या, भाड्याने द्यायचे ठरवले तर घरमालकांना काही सांगायची आपली बाजूही बळकट होईल.

आपल्या चळवळीनेही थोडा हिशेब करावा. हमीद दलवाई राष्ट्र सेवा दलात घडले आणि १९७० साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळाची स्थापना झाली त्यामागे त्या शिबिरांतली, शाखांतली कित्येक वर्षे होती. आज आपण दोन दिवसांची कार्यशाळा घेतो, शेवटी प्रमाणपत्रे वाटतो. राष्ट्रीय सेवा योजनासुद्धा दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचे निवासी शिबिर मागते. कार्यशाळेत संविधान समजते, पण ग्रामसभेत उभे राहून सरपंचाला "तुमची बोअरवेल ताळेबंदात का नाही?" हे विचारायला जो आवाज लागतो तो दोन दिवसांत येत नाही. मला तो नवव्या महिन्यात आला. सरपंच चिडले, बोअरवेल यादीत आली.

बऱ्याच कार्यक्रमांचे अर्ज उन्हाळ्यात निघतात आणि वर्ष जूनमध्ये सुरू होते. जाणार असाल तर आधी एकदा गाव बघून या, शक्य असेल तर अम्मी-अब्बांना घेऊन. आधीच्या तुकडीतल्या कोणाशी तरी बोला, समन्वयकापेक्षा ते खरे सांगतात. खोली कोण शोधणार हे विचारा, ईदची सुट्टी वेळापत्रकात आहे का ते विचारा. रमजान तुमच्या वर्षात कधी येतो ते बघा आणि सहेरीच्या वेळी स्वयंपाकघराची किल्ली कोणाकडे असते, तेही विचारून ठेवा.